ओट्याबाबत शब्द कुणाचा

४ जानेवारी

प्रिय ठोक्या,

तुझं पाकीट मिळालं. जाडजूड होतं म्हणून खूश झाले. म्हटलं, पोराने माझ्या ओट्याची चार-पाच चित्रं काढून पाठवली असतील. उघडून बघते तर करारनामा. पक्ष क्रमांक एक म्हणजे तू, आणि पक्ष क्रमांक दोन, ‘यापुढे ग्राहक असा उल्लेख’, म्हणजे मी. तुझी सख्खी आत्या. चालायला शिकलास तो माझं बोट धरून. हातात पहिली हातोडी आली तेव्हा माझ्याच खाटेचे पाय ठोकून घर डोक्यावर घेतलंस, त्यावरून तर तुझं नाव ठोक्या पडलं. आणि आता मी ग्राहक.

रागावले, खरं सांगते. पाकीट फ्रिजवर भिरकावून दिलं. पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, न कळलेली गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. दुपारी परत काढलं, चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचलं. निम्मं कळलं, निम्मं डोक्यावरून गेलं.

मी सांगितलेलं काम ते केवढं? गुडघ्यांनी संप पुकारलाय, उभं राहून स्वयंपाक होत नाही. ओटा खाली घे, म्हणजे मी खुर्चीवर बसून चिरीन, बसून शिजवीन आणि माझ्या घरात माझी राहीन. एवढ्याला चार पानं?

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. तुझं तोंड कुठे पोळलं ते सगळं लिही. फोन करू नकोस. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. आज गळ्यात गळा घालून बोलणारी आणि उद्या ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ म्हणून भांडणारी माणसं मी याच हातांनी जोडून दिली आहेत.

तुझी (अजून तरी) आत्या


११ जानेवारी

आत्या,

नमस्कार. हात भुशाने भरलेत, कागदाला लागलं तर झटकून वाच.

तोंड पोळलं ते चष्म्याच्या दुकानात. गेल्या वर्षी एका चष्मेवाल्याने दुकानाचं सगळं फर्निचर माझ्याकडे दिलं. माणूस गोड. म्हणाला, आपल्यात कसला कागद, तुम्ही घरच्यासारखे. मीही विरघळलो. मी काउंटर केला. त्याची बायको आली, म्हणाली की हा फार रुंद झाला, गिऱ्हाइकाचं तोंड लांब राहतं. मी अरुंद केला. मग त्याचा मेहुणा आला, तो म्हणाला काउंटरला काच हवी. मी लाकूड काढून काच बसवली. प्रत्येक जण ‘एवढंच करा हो’ म्हणायचा. बारभाईचा कारभार नुसता. शेवटी चष्मेवाला स्वतः येऊन उभा राहिला, काउंटरकडे बघितलं आणि मला म्हणाला, ‘हे असं करायला मी कधी सांगितलं?’

आणि आत्या, खरंच त्याने नव्हतं सांगितलं. मी कोणाचं ऐकायचं हे आमचं ठरलंच नव्हतं. माझे दोन कारागीर तीन महिने एकाच काउंटरपाशी अडकले, तेवढ्यात बाकीची कामं हातची गेली. वर्कशॉप बंद करून कुठेतरी नोकरी धरावी, इथपर्यंत आलो होतो. हे घरी बायकोशिवाय कोणालाच माहीत नाही. आता तुला.

मग पुस्तकांचं कपाट करून घ्यायला एक वकीलबाई आल्या. कपाट होईपर्यंत रोज माझं रडगाणं ऐकून घेतलं आणि हा मसुदा करून दिला. काम नेमकं कोणतं, कोणत्या मापाचं, पूर्ण कधी झालं समजायचं, मध्येच बदल सांगितला तर काय, हे सगळं आधीच ठरवायचं. आता मी तो प्रत्येकाला पाठवतो. सासऱ्यांच्या शूज ठेवायच्या कपाटालासुद्धा पाठवला. ते आठवडाभर बोलत नव्हते, पण कपाटाबद्दल भांडण मात्र झालं नाही.

तुला सहावं कलम मुद्दाम वाचायला सांगतो. ‘ग्राहकाच्या कुटुंबातील कोणत्याही सज्ञान व्यक्तीने दिलेली सूचना ही ग्राहकाचीच समजली जाईल.’ हे चष्मेवाल्याच्या मेहुण्यासाठी आहे. तुझ्यामाझ्यात त्याचं काम पडणार नाही. सही करून पाठव, की लगेच सुरू करतो.

तुझा ठोक्या


१८ जानेवारी

प्रिय ठोक्या,

वर्कशॉप बंद करायला निघाला होतास आणि मला पत्ता नाही. यापुढे असं काही झालं तर आधी मला कळवायचं, हे कलम तोंडी आहे पण पक्कं आहे.

आता तुझा कागद. काय सांगू, मला गोडी लागली त्याची. रोज सकाळी एक पान घेऊन बसते. वकीलबाई हुशार आहेत, पण त्यांनी माझा ओटा बघितलेला नाही. म्हणून काही प्रश्न.

‘ओट्याची उंची कमी करणे’ असं लिहिलंय. किती कमी? तू टेप घेऊन ये, मी माझ्या खुर्चीत बसते, कोपर दुमडून धरते, तिथे माप घे आणि आकडा कागदावर घाल. ‘काम पूर्ण झाल्यावर’ असं लिहिलंय. पूर्ण झालं हे कोण ठरवणार? दगड बसला म्हणजे पूर्ण, असं तू म्हणशील. मी म्हणते, मी खुर्चीत बसून, गुडघे ओट्याखाली घालून, दूध तापवून उतरवलं की पूर्ण. हे असंच लिहायचं, भाषा सुधारू नकोस. आणि ‘अपरिहार्य कारणास्तव विलंब’ म्हणजे नक्की कोणती कारणं? तुझ्या गवंड्याच्या मेहुणीचं लग्न त्यात बसतं का?

सहावं कलम मी खोडलं आहे. त्याच्याजागी माझं लिहिलं आहे, बघ: ‘या कामाबाबत फक्त ग्राहकाचा, आणि तोही लेखी, शब्द धरला जाईल. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून बदल केल्यास तो कारागिराने स्वतःच्या खर्चाने पूर्ववत करावा.’ शेजारी तुझी सही हवी.

तुझी ग्राहक आत्या


२३ जानेवारी

आत्या,

तुझी दुरुस्ती वकीलबाईंना दाखवली. दूध तापवायचं कलम वाचून खूप हसल्या आणि म्हणाल्या, तसंच ठेवा, यापेक्षा स्पष्ट मलाही लिहिता येणार नाही. माप कालच घेऊन गेलोय, ते घातलं: सत्तावीस इंच. मेहुणीचं लग्न अपरिहार्य कारणांत बसत नाही, गवंड्याला तसं सांगितलंय, तो नाराज आहे.

सहाव्या कलमाशेजारी सही केली. पण विचारू का, ते का खोडलंस? ओटा फोडला की घरात चूल पेटणार नाही, तोवर तू दादाकडे राहणार. त्याच्याकडे मुक्काम असताना काही निरोप असला तर तोच देईल ना? आपल्या घरात कायम तसंच चालत आलंय. आत्याबाईंचं काही असलं की दादा सांगतो, दादाने सांगितलं म्हणजे आत्याने सांगितलं. तुझा एकुलता एक मुलगा म्हणजे काही चष्मेवाल्याचा मेहुणा नाही.

सोमवारी काम सुरू करतो.

ठोक्या


२ फेब्रुवारी

प्रिय ठोक्या,

चिरंजीवांच्या घरी येऊन पोचले. मला वेगळी खोली दिलीय, खिडकीतून खालची गाड्या धुणारी माणसं दिसतात, त्यांचं बघत माझी सकाळ जाते. एक जण कायम डाव्या चाकापासून सुरू करतो. का, ते विचारायचं आहे, पण इतक्या उंचावरून ओरडून विचारणं बरं दिसणार नाही.

सून गुणी आहे. मला काही करू देत नाही. पाणी प्यायला उठले तरी ‘आई, तुम्ही बसा’. स्वयंपाकघराच्या दारात गेले तरी ‘आई, तुम्ही बसा’. बसून बसून मला आता खुर्चीचा आकार आलाय. काल चिरंजीव ऑफिसातून आले तेव्हा मी म्हटलं, ओटा झाला की मी निघेन. तर म्हणाले, ‘बघू गं, घाई काय आहे.’ त्याचे वडीलही नको असलेल्या गोष्टीला ‘बघू’ म्हणायचे.

तू विचारलंस ते कलम का खोडलं. अरे, ओट्यापाशी बसणार मी, म्हणून बोलणार मी. इतकं साधं आहे ते.

फोडताना जुन्या दगडाचा एखादा तुकडा चांगला निघाला तर बाल्कनीत बसायला ठेव. आणि काम कुठवर आलं ते कळव.

आत्या


१५ फेब्रुवारी

आत्या,

उशिराबद्दल माफी. जुना ओटा निघाला. खालची भिंत ओलीने फुगली होती, ती आधी नीट केली. शेल्फ आधीच खाली आणले होते, तुला बसल्या बसल्या डबा काढता यावा म्हणून. नवा दगड परवा बसला. गुळगुळीत काळा आहे, तुला आवडेल.

तुझा निरोप मिळाला. दादा बुधवारी येऊन गेला, सगळं बघितलं, बराच वेळ थांबला. त्याप्रमाणे बदल केला आहे. मला ऐकून थोडं वाईट वाटलं, इतकं मनापासून मापबिप घेतलं होतं आपण. पण निर्णय तुझा आहे, आणि एका दृष्टीने ते शहाणपणाचंच म्हणायचं. तू तिकडे रमलीस हे ऐकून बरं वाटलं.

आता टाइल्स तेवढ्या राहिल्या. बाल्कनीसाठी दगडाचा एक तुकडा बाजूला ठेवलाय.

ठोक्या


१९ फेब्रुवारी

ठोक्या,

कोणता निरोप?

बुधवारी चिरंजीव ऑफिसच्या कामाने बाहेरगावी जातो असं मला सांगून गेले होते. मी त्यांना बांधून डबा दिला, म्हणजे सुनेने दिला, मी झाकण लावलं. तुझ्याकडे येणार होते हे मला माहीत नाही, आणि मी कसलाही निरोप दिलेला नाही.

तो काय म्हणाला ते शब्दाला शब्द लिही. आपल्या मनाचं घालू नकोस, गाळूही नकोस. आणि दगडाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावून आकडा लिही. उलट टपाली.

आत्या


२३ फेब्रुवारी

आत्या,

टेप लावला. चौतीस इंच. कोणत्याही घरात असतो तसा ओटा.

आता शब्दाला शब्द. दादा आला तेव्हा गवंडी खालच्या विटा रचत होता. दादाने त्या बघितल्या, वाकून हाताने उंची मापली आणि मला बाहेर बोलावलं. म्हणाला, ‘आई आता माझ्याकडेच राहायचं म्हणतेय. तिला तुला सांगायचा संकोच वाटला, तू इतकी मेहनत घेतलीस म्हणून. हे घर पुढेमागे भाड्याने दिलं तर असला बुटका ओटा कोणाला चालणार? नेहमीच्या उंचीचा कर. आईला मी सांगतो.’ जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. मी ‘हो दादा’ म्हटलं.

मला तेव्हा सहावं कलम आठवलंच नाही, असं लिहिणार होतो. पण तू गाळू नकोस म्हणालीस. आठवलं होतं. गवंड्यानेही विचारलं, ‘बाईंचं पत्र आलंय का?’ मी त्याला गप्प केलं. परका कोणी असता तर मी लेखी आणा म्हणून अडून बसलो असतो. पण लहानपणापासून दादा सांगणार आणि आपण ऐकणार. त्याच्यासमोर उभं राहून ‘आत्याची सही दाखव’ म्हणायला माझी जीभ रेटली नाही. तूच सांगितलं असणार, असं मी स्वतःला पटवलं.

आता दगड पक्का बसलाय. काढायचा तर फुटणार. मी एक उपाय शोधलाय: तुला एक उंच खुर्ची करून देतो, पाय टेकायला दांडी, पाठीला आधार, सगळं. चौतीस इंचांपाशी तू आरामात बसशील. खुर्ची माझ्याकडून भेट. चालेल ना?

तुझा ठोक्या


१ मार्च

प्रिय ठोक्या,

नाही चालणार.

उंच खुर्चीवर मी चढायची कशी, हा विचार केलास का? चढता येत असतं तर उभंही राहता आलं असतं. आणि उतरताना कोणाचा हात धरू, शेगडीचा? तुझा जीव माझ्यावर आहे, त्यात मला शंका नाही. पण तू आधी दगड वाचवलास आणि मग माझा विचार केलास.

दगड काढ. फुटला तर फुटू दे. खर्च तुझा, कलमात आहे तसा. मला हे लिहिताना बरं वाटत नाही, तुझी ओढाताण मला माहीत आहे. अर्धा खर्च द्यावा असं दोनदा मनात आलं आणि दोनदा मी ते मोडून काढलं. घरचा म्हणून आज तुला सोडलं तर तो कागद चष्मेवाल्यापुरताच राहील, आणि उद्या तू पुन्हा कोणाच्या तरी दादाचं ऐकशील. तुझं वर्कशॉप चालायला हवंय मला, म्हणून सोडत नाही.

आता इकडचं. तुझं पत्र आलं तेव्हा सगळे चहाला बसले होते. मी चिरंजीवांना विचारलं, माझ्या ओट्याची उंची किती केलीस. त्याने कप खाली ठेवला. सून कधी त्याच्याकडे, कधी माझ्याकडे बघायला लागली, तिला यातलं काही माहीत नव्हतं. तो म्हणाला की हे माझ्या भल्यासाठीच होतं, आणि मी उगाच हट्टाला पेटले आहे. मी खोलीत गेले, करार आणला आणि सहावं कलम वाचून दाखवलं. मोठ्याने, एक्स्चेंजमध्ये नंबर सांगायचे तशी एकेक शब्द सुटा करून.

तो लालेलाल झाला. म्हणाला, ‘आई, तू माझ्याविरुद्ध कागद केलास?’

मी म्हटलं, ‘तुझं नावसुद्धा नाही रे त्यात. तेवढंच तर कलम आहे.’

तेव्हापासून अबोला आहे. जेवतो, ताट उचलतो, जातो. आपलेच दात, आपलेच ओठ, कोणाला सांगणार. पण मी तुझ्याशी लपवाछपवी करणार नाही. कलम का खोडलं, असं तू विचारलं होतंस, आणि मी थट्टेवारी नेलं. खरं कारण हे आहे: मला वर्षभर दिसत होतं की माझ्याबद्दलचे निर्णय शेजारच्या खोलीत होतात आणि मला चहाबरोबर कळतात. डॉक्टर कोणता, गोळ्या कोणत्या, फोन कोणता. सगळे प्रेमाने. मी भांडले नाही, कारण भांडायला कोणी वाईट वागतच नव्हतं. तुझं पाकीट आलं आणि मला पहिल्यांदाच कोणीतरी लिहून विचारलं, बाई, तुम्हाला काय हवंय, किती इंच हवंय. म्हणून गोडी लागली.

ते सत्तावीस इंच मला हवेत, ठोक्या. तेवढे झाले तर मी माझ्या घरी जाईन. नाही झाले तर इथेच खिडकीशी बसून गाड्या मोजीन.

आत्या


९ मार्च

आत्या,

दगड काढला. दोन तुकडे झाले. गवंड्याला काही सांगावं लागलं नाही, पहार घेऊन आला तेव्हा एवढंच म्हणाला, ‘आलं का पत्र?’ खर्चाचं मनावर घेऊ नकोस. बायकोला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, आत्याबाई बरोबर बोलल्या, आणि वर्कशॉपच्या भिंतीवर खिळा मारून करारांची फाइल टांगली, मला येता-जाता दिसेल अशी.

दादाचा फोन आला होता. मी कामाला लागलोय का, विचारलं. मी हो म्हटलं. मग म्हणाला, थांबव. आत्या, पण या वेळी मी सांगितलं, ‘दादा, तुझ्या आईचं लेखी आण, लगेच थांबवतो.’ त्याने फोन ठेवला. माझ्यावर चिडला असणार, पण ‘थांबव’ म्हणतानाचा आवाज चिडल्यासारखा नव्हता. कसला होता ते मला ओळखता आलं नाही. तू त्याची आई आहेस, तूच विचार.

ओटा सत्तावीसवर बांधतोय.

ठोक्या


१७ मार्च

प्रिय ठोक्या,

विचारलं.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून माझं मलाच नवल वाटलं. जगाला प्रश्न विचारत हिंडणारी मी, गाडी धुणारा डावीकडून का सुरू करतो याची मला पडलेली, पण मुलाला इतक्या दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं की तू हे का केलंस. मी फक्त कलम वाचून दाखवलं.

रविवारी सून बाहेर गेली होती. मी त्याच्या खोलीत गेले आणि म्हटलं, हे बघ, भांडायला आले नाही. ओटा खाली आला तर नेमकं काय होईल अशी तुला भीती वाटते, ते सांग. आधी ‘काही नाही’ म्हणाला. मी बसून राहिले. बसण्याचा मला आता चांगला सराव आहे.

मग म्हणाला, ‘ओटा झाला की तू परत जाणार. आणि परत पडलीस तर?’

ठोक्या, हे तुलाही सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी स्वयंपाकघरात मी पडले होते. उठता येईना, हाक मारायला आवाज फुटेना. बराच वेळ तशीच होते. समोरच्या घरातली शेजारीण वाटी परत द्यायला आली तेव्हा तिला दिसले. चिरंजीवांना मी फोनवर सांगितलं, जरा बसले होते खाली. फोनवरच्या बोलण्याचा भरवसा नाही म्हणणारी मी, मीच खोटं बोलले. पण समोरचीने त्याला सगळं सांगून टाकलं होतं. वर्षभर त्याला माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. तो म्हणाला, ‘ऑफिसात फोन वाजला की मला आधी तेच दिसतं. तू फरशीवर.’ चांगला टक्कल पडायला आलेला माणूस, माझ्यापुढे लहान पोरासारखा रडला. मीही रडले. घरभर ‘बघू, बघू’ करत हिंडणाऱ्या माझ्या मुलाच्या पोटात एवढी भीती होती, आणि मी समजत होते त्याला घर भाड्याने द्यायचंय.

म्हणून सोबत पुरवणी करार जोडला आहे. वाढीव काम, माझ्या खर्चाने. स्वयंपाकघराच्या भिंतीवर घंटीचं बटण बसवायचं. पडलेल्या माणसाचा हात पोचेल असं, म्हणजे जमिनीलगत. घंटा वाजली पाहिजे समोरचीच्या घरात, तिने हो म्हटलं आहे, तिची सहीही घेतली आहे. घंटा रोज सकाळी एकदा वाजवून बघायची, हे चिरंजीवांनी घालायला लावलं.

शेवटचं कलम वकीलबाईंना दाखव, भाषा बरोबर आहे का ते बघू दे. मी असं लिहिलंय: ‘सहाव्या कलमाला अपवाद म्हणून, घंटीचं बटण कुठे आणि किती उंचीवर बसवायचं याबाबत ग्राहकाच्या मुलाचा शब्द हा ग्राहकाचाच समजावा, आणि तो तोंडी चालेल.’ खाली माझी सही आहे. ओट्याला मात्र त्याने हात लावायचा नाही.

आत्या


२६ मार्च

आत्या,

ओटा झाला. टाइल्स लागल्या. बाल्कनीत तुझा दगड ठेवलाय. दूध तू येऊन तापवशील तेव्हाच काम पूर्ण, त्याआधी मी पूर्ण म्हणणार नाही.

पुरवणी वकीलबाईंनी वाचली. एका अक्षराला हात लावला नाही. फक्त म्हणाल्या, याची एक प्रत मला देता का?

काल दादा आला. सुट्टी काढून आला होता. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तो सरळ स्वयंपाकघरात गेला, तुझी खुर्ची ओढून तिच्यात बसला, गुडघे ओट्याखाली घातले, दगडावरून हात फिरवला. मग उठून मला विचारलं, ‘बटण कुठे लावणार?’ मी म्हटलं, ‘ते तू सांगायचं. कागद तसा आहे.’ त्याने पुरवणी वाचायला मागितली. तुझ्या सहीपर्यंत वाचली, घडी घालून मला परत दिली आणि समोर जाऊन शेजारीणबाईंना बोलावून आणलं. त्यांना विचारलं, आई कुठे पडली होती, कशी पडली होती, तोंड कुठे होतं, कुठला हात मोकळा होता. त्यांनी दाखवलं: इथे, कुशीवर, तोंड भिंतीकडे.

दादाने बूट काढले, घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं आणि तिथे, त्या फरशीवर आडवा झाला. कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. गवंडी हातातलं काम सोडून बघत राहिला. शेजारीणबाईंनी तोंडाला पदर लावला. दादाने हात लांब करून भिंतीला टेकवला आणि म्हणाला, ‘इथे.’ मी पेन्सिलीने खूण केली.

तो उठला नाही. बराच वेळ तसाच पडून होता. मग हात दुमडून घेतला, भिंतीवर अजून चार बोटं खाली टेकवला. म्हणाला, ‘तिचा हात माझ्यापेक्षा आखूड आहे. इथे कर.’

मी पहिली खूण पुसली आणि त्याने सांगितलं तिथे भोक पाडलं.

तुझा ठोक्या